कायदा बदलला म्हणं

"कायदा बदललाय, मावशी. पण त्यानं तुमचा ट्रस्ट मोडत नाही." क्षमा वकिलांनी कागद मिटले. "बदल आहेत ते विश्वस्त कसे नेमायचे, याबद्दल. नाथाजीरावांनी जमीन एकदा ट्रस्टला दिली ती दिली. खुद्द त्यांनाही ती परत घेता आली नसती."

बनुबाईनं पदर सारखा केला. "म्हंजी माज्या शंभूला काय बी मिळायचं न्हाई."

"नाही."

"मग एवढं करा बाईसाहेब. त्याला हे सांगू नगा."

"मावशी, मी कुणाला खोटं सांगत नाही."

"खोटं कशाला? काईच सांगू नगा. मी म्हणीन, बाईसाहेब बगत्यात अजून."

क्षमा वकील काहीतरी बोलणार होत्या. पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि एवढंच म्हणाल्या, "माझ्यापाशी ज्याचं बोलणं त्याचंच राहतं, मावशी. काळजी करू नका."

साताऱ्याच्या स्टँडवर कोरेगावची एसटी धरताना बनुबाईला हायसं वाटलं.

बनुबाईचे धनी नाथाजी फौजेत सुभेदार होते. पोरानं फौजेत जावं ही त्यांची इच्छा. शंभूराजनं विट्याच्या मित्राबरोबर गलाईचा धंदा धरला, सोनं गाळायला पार कोईमतूर गाठलं. चार वर्षांनी येऊन म्हणाला, "एक एकर इकायला काढा, सोताचं दुकान टाकतो." नाथाजींनी एक गुंठाही काढला नाही. उलट सगळी जमीन आणि घर ट्रस्टला देऊन टाकलं. बनुबाई आहे तोवर तिनं तिथं राहावं, उसावर जगावं. तिच्यामागं सगळं मुलींच्या वसतिगृहाला. सही करून आले त्या दिवशी ते सोप्यात बसून मोठ्यानं म्हणाले, "जमीन हाय म्हणून यतोय त्यो. आता बग, फिरकायचा बी न्हाई."

शंभूराज दारातच उभा होता. त्यानं पिशवी खांद्याला लावली आणि निघाला. पुढं बाप गेला तेव्हा आला, पण थेट स्मशानात. तिथूनच परत फिरला. नंतर दिवाळीला फोन यायचा. तोही दर वर्षी आखडत गेला.

शेजारच्या सुना माहेरी निघाल्या, कुणाचा लेक सुट्टीवर आला, की बनुबाई उगाच अंगण पुन्हा झाडायची.

आणि मग या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, शंभूराजचा फोन आला. कोईमतूर सोडून त्यानं सांगलीत दुकान घातलं होतं.

"आई, ट्रस्टचा कायदा बदलला म्हणं. मोडता येतोय का बगाय पायजे. येऊ का?"

"ये की रं," बनुबाई म्हणाली. त्याचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं.

तो रविवारी मोटरसायकलवर आला. आल्या आल्या दोघं ट्रस्टबद्दलच बोलली. दुसरं बोलायला कुठून सुरुवात करावी ते दोघांनाही कळेना. मग तिनं वाघ्या घेवड्याची आमटी वाढली. तो दोनदा मागून जेवला. संध्याकाळी उसातून फेरी मारून आला आणि गेला.

दुसऱ्याच दिवशी ती साताऱ्याला, ट्रस्टचे कागद केलेल्या क्षमा वकिलांकडं गेली होती.

तेव्हापासून शंभूराज येतच राहिला. आला की विचारायचा, "वकीलबाई काय म्हणत्यात?"

"बगत्यात."

"बगू दे. घाई न्हाई."

त्यानं गळकं छप्पर नीट केलं. परसातला नळ बदलला. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेऊन आणलं. एकदा सुनेला आणि नातीलाही घेऊन आला. साक्षी आजीच्या मांडीवरच झोपली, तर बनुबाई पाय बधिर झाले तरी हलली नाही. पण मनात टोचायचं. आपलं होणार म्हणून हा जपतोय सगळं. आपणच त्याला झुलवत ठेवलंय.

आषाढात कराडजवळ त्याची गाडी घसरली. उजवा हात प्लास्टरात गेला. आता महिना-दोन महिने दिसायचा नाही, असं धरून ती बसली होती. तर पुढच्या रविवारी तो एसटीनं आला, दोन गाड्या बदलून, चिंब भिजून.

तिनं त्याला पाटावर बसवलं आणि टॉवेलनं त्याचं डोकं पुसलं. केस विरळ झाले होते, कानापाशी पांढरे होते. हात फिरवता फिरवता तिच्या मनात आलं. तुटका हात घेऊन, असल्या पावसात! एवढी ओढ जमिनीची? म्हणजे धनी बोलले तेच खरं? आणि उद्या रस्त्यात याचं काही बरंवाईट झालं तर, कशापायी? कधीच न मिळणाऱ्या मातीपायी?

ताट वाढलं. त्याला एका हातानं भाकरी मोडेना, म्हणून तीच कुस्करून द्यायला बसली. आणि मान खाली घालून बोलून टाकलं.

"शंभू, ट्रस्ट मोडत न्हाई."

तिनं भाकरीचा आणखी एक तुकडा कुस्करला.

"कवाच मोडायचा न्हाई. वकीलबाईंनी मला पैल्यांदाच सांगितलं हुतं. तू यावास म्हणून मी बोलले न्हाई. खोटी आशा लावली तुला. आता नगं यिऊस लेका, असल्या पावसापाण्याचं."

बाहेर पन्हाळीचं पाणी धो धो पडत होतं. तो ताटावरून उठायची वाट बघत बनुबाई बसून राहिली.

शंभूराज उठला नाही. डाव्या हातानं त्यानं कुस्करा आमटीत कालवला.

"मला बी ठावं हाय," तो म्हणाला. "तुला फोन करायच्या आदीच मी वकीलबाईस्नी इचारून आलतो."