इंजेक्शनापुरती जागा

काकूंचे गुडघे इतके वाजायचे, की त्या कोणत्या खोलीत आहेत हे शेजाऱ्यांना भिंतीपलीकडून कळायचं. वजन उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं बजावून डॉक्टरांनी भूक मारणारं इंजेक्शन लिहून दिलं. पहिलं उद्या सकाळी घ्यायचं आणि तोवर फ्रिजमध्ये ठेवायचं.

फ्रिजमध्ये तर मुंगीला शिरायला वाव नव्हता. घरातल्या प्रत्येकाने दोन घास ठेवून उठायचं, ते वाटीत झाकायचं आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी संपवायचं, ही घरची जुनी रीत. अन्न टाकणं काकूंच्या जिवावर यायचं. त्या उघड्या फ्रिजपुढे स्टूल ओढून बसल्या आणि इंजेक्शनापुरती जागा होईपर्यंत एकेक वाटी रिकामी करत राहिल्या.

शेवटचा घास घशाखाली उतरतो न उतरतो, तोच काका जेवून उठले आणि उरलेल्या भाजीची वाटी घेऊन हजर झाले.

"अगं, उद्यापासून तुला भूकच लागणार नाही म्हणे. मग आमचं उरलेलं संपवणार कोण? डॉक्टरांना विचारलंस का?"



"विचारलं ना," काकू दमल्या आवाजात म्हणाल्या आणि हातातला चमचा त्यांच्याकडे दिला, "ते म्हणाले, ज्याने उरवलं त्याने."