दोन उकिरडे

परसवाड्याजवळच्या खेड्यात शेवंताबाईच्या उकिरड्यावर माश्यांचा अभ्यास करणाऱ्या एका मॅडमला जगाला ठाऊक नसलेली माशी सापडली. बाईचा फोटो पेपरात आला आणि शेजारच्या दुर्पताबाईच्या पोटात दुखायला लागलं. "आमच्या उकिरड्याले काय झालं?" म्हणत तिनं माशीवाल्या मॅडमला हाताला धरून आपल्या परसात ओढत आणलं.

मॅडमनी जाळी फिरवली, भिंगातून पाहिलं आणि एकदम खुलल्या. "तिकडे सगळे नरच मिळाले होते, पुढच्या पायांवर केसांचा झुपका असलेले. ही बिनझुपक्याची, म्हणजे मादी! हिच्याशिवाय आमचं काम अडलं होतं."

दुर्पताबाई कुंपणावरून गरजली, "आयकलं का वं शेवंताबाई? तुह्या माश्यायले आमच्या माशीबिगर काही किंमत नाही!"

शेवंताबाईनं डोईवरचा पदर सावरला.



"हौ वं विहीणबाई. पण जरा हळू बोल, आमी पोरावाले आहो."