मनकर्णेचं लुगडं

दर आखाजीला, पितरांच्या सणाला, माझा नवरा अकोटच्या बाजारातून हिरवं लुगडं आणायचा, पण माझ्यासाठी नाही. प्लेगच्या साली हिवरखेडची माणसं डोंगरातल्या जुन्या गुहेत राहायला गेली होती. त्याची पहिली बायको मनकर्णा तिथेच मेली आणि तिथेच पुरली गेली. तेव्हा तो स्वतः तापाने फणफणला होता, म्हणून शेंदराचा दगड त्याने पुढच्या वर्षी अंदाजानेच ठेवला. त्या दगडाला नैवेद्य दाखवल्याशिवाय मी घास तोंडात घालायचा नाही, असा दंडक होता. आठ वर्षं पुरणपोळ्यांचं टोपलं मीच डोक्यावरून नेलं. लुगड्याला मात्र तो मला हात लावू देत नसे. यंदा गेलो, तर सरकारी माणसांनी गुहा खणून ठेवली होती. दगड बाजूला पडला होता आणि त्याखालच्या खड्ड्यात हाडं दिसत होती. "हा पुरुष आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा," त्यांचा साहेब म्हणाला. "इथे लोक राहायचे, आपली माणसं पुरायचे, त्यांना नैवेद्यही ठेवायचे." मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आठ वर्षांत सवतीच्या तोंडी एक घास गेला नव्हता. "आता कोनाले नेसवता हे लुगडं?" मी नवऱ्याला विचारलं. तो गुहेभर नजर फिरवत राहिला. मग त्याने लुगड्याची घडी मोडली. "इथंच कुठंतरी असन मनकर्णा. पुऱ्या गुहेवर पांघरतो. पकड तिकडचा पदर." मी पदर धरला. त्या लुगड्याला माझा हात पहिल्यांदाच लागला. फार मऊ होतं.