कशासाठी नेली

बरण्या धुऊन उन्हात पालथ्या घातल्या होत्या. चारशे बारा. काकूंना मोजायची गरज नव्हती. तीस वर्षं जंगलात खड्डे खणून त्यांनीच त्या भरल्या होत्या.

"माती कुठंय?"

शिपायाने मान खाली घालून प्रयोगशाळेच्या फाटकाकडे बोट दाखवलं. तिथे नव्याकोऱ्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. फुलंसुद्धा लावून झाली होती.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तरातरा साहेबांच्या खोलीत शिरल्या. मागोमाग सकाळपासून बाकावर ताटकळलेला वनरक्षक आला. त्याचा डोंगर उन्हाळ्यात जळला होता. तिथे आता कोणती झाडं जगतील हे ठरवायला जळण्याआधीची माती हवी होती, चमचाभर. ती फक्त इथे होती.

"अहो काकू, एवढं काय आभाळ कोसळलं?" साहेब म्हणाले. "उद्या बाहेरचे तज्ज्ञ येताहेत, कपाटं किती कळकट दिसत होती! आणि माती ती माती. त्याच्या डोंगरावरून नवी आणू."

"तिथे राख आहे."

"मग वहीत आकडे आहेतच की."

"त्या वेळी आपल्याला जे विचारायचं सुचलं, तेवढंच वहीत आहे. बाकीचं बरणीत होतं. तज्ज्ञ ती माती त्यांच्या मातीशी ताडून बघायलाच येताहेत, साहेब. तुमची फुलं बघायला नाही!"

वनरक्षकाने ताडून बघायला आणलेली जळक्या मातीची पिशवी टेबलावर ठेवली. आता तिचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

काकूंनी कपाटातून नोंदवही आणून आपटली. चिमूटभर माती नेली तरी त्यात ओळ भरायची: कोणी नेली, किती, कशासाठी. तीस वर्षांत या नियमातून कुणीही सुटलं नव्हतं.

"भरा. उद्या ते पहिल्यांदा हीच मागतील."

साहेबांनी वैतागून पहिल्या ओळीत लिहिलं: सगळी, कुंड्यांसाठी. सही ठोकली आणि खाली शेवटपर्यंत रेघ ओढायला पेन टेकवलं.

काकूंनी पानावर हात ठेवला.

"रेघ चालणार नाही. प्रत्येक बरणीला वेगळी ओळ. याचा डोंगर दोनशे सातवा आहे. तिथवर आलात की याच्याकडे बघून लिहा."