पुलावर जुळलं

पडद्यावर दोन रेघा होत्या. हिरवी खाली उतरत होती, लाल वर चढत होती. लाल रेघेला वर चढायचं काही कारण नव्हतं, म्हणून तिने खुर्ची पुढे ओढली आणि सगळी आकडेमोड पुन्हा चालवून पाहिली. रेघ पुन्हा वर गेली.

कार्यालयात तिला सगळे ज्योतिषीणबाई म्हणत. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी बांध घातले, काठाने गवताचे पट्टे राखले, नांगरट कमी केली, तर नदीत वाहून येणारं खत किती वर्षांत किती कमी होईल, हे ती कॉम्प्युटरवर मांडून सांगायची. आणि सांगितलेलं खरं निघायचं. मोजणीचं यंत्र नदीच्या पुलाला बसवलेलं होतं. मॉडेलचा आकडा त्या यंत्राच्या आकड्याशी जुळवायचा आणि जुळला की चहा मागवायचा, ही तिथली रीत. पुलावर जुळलं की जुळलं. विहिरींचं मॉडेलला कोणी कधी विचारलंच नव्हतं, तिनेही नाही.

आज विचारलं, तेही नुसतं कुतूहलापोटी. धाकट्या बहिणीने सकाळी बाळाचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'विकतचे कॅन बंद केले गं. परसातल्या विहिरीचंच पाणी घेतो आता. तूच म्हणालीस ना, पाणी सुधारलं म्हणून.' ती म्हणाली होती खरी, पण नदीच्या पाण्याबद्दल. बहिणीचं घर खोऱ्याच्या अगदी खालच्या टोकाला. जेवणाआधी जरा वेळ होता, तिने नकाशावर ते घर शोधलं आणि तिथे जमिनीखाली काय चाललंय, ते विचारून पाहिलं.

लाल रेघ त्या विहिरीची होती.

तिने आपली चूक शोधली. सापडावी म्हणून जिवाच्या आकांताने शोधली, पण सापडली नाही. उलट सगळं अगदी सरळ होतं. पूर्वी पावसाचं पाणी शेतावरून धावत नदीला मिळायचं. आता ते बांधाला अडत होतं, गवतात थांबत होतं, जमिनीत मुरत होतं. आणि मुरताना मातीत वर्षानुवर्षं साठलेल्या खतातलं नायट्रेट सोबत घेऊन खाली जात होतं. नदी निवळत होती, आणि नदीत जायचं ते आता विहिरींत उतरत होतं. पुढे कधीतरी विहिरीही निवळणार होत्या. पण त्याआधी लाल रेघ चढत आली होती, आणि तिचं शिखर याच वर्षावर होतं.

मोठ्या माणसांना त्याचं एवढं काही होत नाही. तान्ह्या बाळाच्या रक्ताला मात्र ते पाणी श्वास अंगभर पोचवू देत नाही; ओठ, नखं निळी पडत जातात. हे तिला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून पाठ होतं. आज पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

साहेब दारातून डोकावले. "चला ज्योतिषीणबाई, हॉल भरलाय. शेतकरी मंडळी सत्काराला कपड्यांना इस्त्री करून आलीत."

"साहेब, विहिरींत वाढतंय."

त्यांनी वाकून पडद्याकडे पाहिलं. "शेवटी खाली येते ना रेघ?"

"येते. माझा भाचा कॉलेजात जाईल तोवर."

"मग झालं तर. पुलावर जुळलंय ना? विहिरींचं नंतर बघू. आज आनंदाचा दिवस आहे, लोकांना कशाला घाबरवायचं?"

साहेब वाईट नव्हते. घाबरले की ते घड्याळ बघत. तसं त्यांनी बघितलं आणि हॉलकडे गेले.

मॉडेल बरोबर निघावं म्हणून इतकी वर्षं जीव टाकणारी ती, आज ते सपशेल चुकलेलं असावं असं मनात घोकत होती. तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

"अगं, दुपटी वाळत घालत होते," बहीण म्हणाली. "ऊन काय कडक पडलंय. खोलीत तर डोळे दिपतात, पडदा ओढून निजवलंय बाळाला."

"दूध कशात कालवतेस त्याचं?"

"पावडरचंच आहे ना अजून. पाण्यात."

"कुठल्या?"

"विहिरीच्या. तसंच नाही हं देत. चांगलं उकळते, निम्मं आटेपर्यंत. तुझीच बहीण आहे मी."

उकळून जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि ते सगळंच्या सगळं उरलेल्या निम्म्यात राहतं.

"बाळ कसं आहे गं?"

"गुणी झालंय. आधी काय रडायचं, घर डोक्यावर घ्यायचं. आता हूं की चूं नाही. जरासं पितं आणि झोपून जातं. सासूबाई म्हणतात, विहिरीचं पाणी मानवलं."

शेजारच्या हॉलमधून टाळ्या ऐकू आल्या. हिरवी रेघ दाखवून झाली असणार. तिने गाडीची किल्ली उचलली आणि जिन्याकडे निघाली.

"ऐक. बाळाला उचल. खिडकीशी ने, पडदा उघड आणि त्याचे ओठ बघ. नखं बघ. रंग सांग मला."

"असं काय बोलतेस, ताई?"

"बघ आधी."

पलीकडे पावलं वाजली. पडद्याच्या कड्या दांडीवरून खळखळत सरकल्या. ती जिन्यात, आहे त्याच पायरीवर, फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिली.

"ताई," बहीण म्हणाली, अगदी हळू आवाजात, "इथे उजेड कमी आहे गं."