रेडिएटरचं पाणी

गुरुलिंगअप्पांनी ट्रकखाली अंग सरकवलं, रेडिएटरची तोटी उघडली आणि खाली बादली धरली. तांबूस, वाफाळतं पाणी बादलीत पडू लागलं. पारूबाई अजून वळणावर दिसत नव्हती. काही बिघडत नव्हतं; पाणी निवायलाच अर्धा तास लागणार होता.

रोज संध्याकाळी रेडिएटर रिकामा करायचा आणि सकाळी हापशाचं पाणी आणून पुन्हा भरायचा, ही अप्पांची लडाखमधली सवय. तिथं रात्रीत आतल्या पाण्याचा बर्फ व्हायचा आणि इंजिन तडकायचं. बावीस वर्षं लष्करात ट्रक चालवला. हाताला जे वळण लागलं ते लागलं. आता चाकूरच्या रस्त्याला, जिथं उन्हाळ्यात दिवस मावळल्यावरही पत्र्याला हात लावला तर चटका बसतो, तिथंही अप्पा पाणी काढत. गावाला हसायला तेवढंच निमित्त. अप्पांच्या गाडीला थंडी वाजते, असं लोक म्हणत.

ट्रकही लष्करातूनच निघालेला. सिकंदराबादच्या लिलावातून आणला तेव्हा दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणावा लागला होता. त्याच साली लातूर वेगळा जिल्हा झाला. जिल्हा उभा राहील, पण हा ट्रक काही उभा राहायचा नाही, अशी गावाची पैज होती. चार वर्षं अप्पा त्याच्या पोटात शिरून होते. गंजलेला पत्रा कापला, पिस्टन बदलले, ब्रेक नव्यानं बसवले, आणि एके दिवशी ट्रकनं धूर सोडला; तेव्हापासून अप्पा रोज त्याला एक फेरी मारून आणत. शाबासकी द्यायला मात्र घरात कुणी नव्हतं. बायको ते सीमेवर असतानाच गेली, मूलबाळ नाही. गावाबाहेरच्या ट्रकच्या शेडमध्ये दिवसभर पान्ह्यांशी बोलावं लागे. अप्पा फार एकटे होते आणि त्यांना ते नीट ठाऊक होतं.

पारूबाई पहिल्यांदा आली ती भांडायलाच. गेल्या साली पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, आणि हा माणूस बादलीभर पाणी मातीत सोडताना तिनं रस्त्यावरून पाहिलं. तिनं अप्पांना चांगलंच फैलावर घेतलं. माणसं एका घागरीसाठी कोसभर चालतात आणि तुम्ही धुळीला पाजता? माझ्या शेळ्यांना तरी द्या, म्हणाली. दुसऱ्या दिवशी घागर घेऊन हजर. तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. पाणी निवेपर्यंत ती समोरच्या दगडावर बसायची. उदगीरला दिलेल्या लेकीचं सांगायची, मेलेल्या नवऱ्याच्या घोरण्याचंही कौतुकानं सांगायची. अप्पाही बर्फातल्या गोष्टी सांगत आणि थोड्या वाढवूनच सांगत. मग घागर कमरेवर घेऊन ती निघून जायची. अप्पांचा दिवस त्या अर्ध्या तासासाठी उजाडायचा.

या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या कचेरीनं ट्रकवर टाकी बसवली आणि तीन गावांचं पाणी अप्पांवर सोपवलं. अप्पांनी जुना खाकी शर्ट इस्त्री करून घातला. पण महिन्याभरात इंजिन तापू लागलं. लातूरहून रामकिशन मिस्त्री आला. त्यानं रेडिएटरची वरची नळी काढली आणि आतला पांढरा थर बोटानं खरवडून दाखवला, पाणी तापवायच्या तपेल्याला धरतो तसा.

"हापशाचं पाणी लई क्षाराचं हाय, अप्पा," तो म्हणाला. "तुम्ही रोज नवं घालताय, म्हणून रोज नवा थर. मी धुऊन देतो, पण आता भरलेलं पाणी काढू नका. न्हाई तर इंजिन बसंल."

अप्पांनी मान डोलावली. त्यांना पटलंही. पण संध्याकाळी पारूबाई वळणावर दिसली आणि अप्पा तोटी उघडून मोकळे झाले. उद्यापासून बंद, असं त्यांनी ठरवलं. असं ते रोज ठरवत राहिले.

मग एका दुपारी भरल्या टाकीनिशी ट्रक माळावर उकळला. गाव समोर दिसत होतं, पण इंजिन निवेपर्यंत दोन तास हलता येईना. अप्पा पोचले तेव्हा बायका घागरींच्या रांगेत उन्हात बसून होत्या. एका म्हातारीला चक्कर आली होती. तिला पिंपळाखाली निजवलं होतं. अप्पांना कुणी शब्दानं बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आपल्या अर्ध्या तासाच्या गप्पांसाठी आपण गावाला तहानलेलं ठेवलं, ही लाज त्यांच्या मनातून जाईना.

रामकिशननं रेडिएटर पुन्हा धुऊन दिला. त्या संध्याकाळी अप्पांनी तोटीला हात लावला नाही. बादली आत नेऊन ठेवली. पारूबाईला काय सांगायचं ते त्यांनी दहा वेळा मनात घोकलं, आणि उद्यापासून ही वेळ कशी काढायची ते मात्र काही केल्या सुचेना.

ती आली. तिनं कोरडी जमीन पाहिली. अप्पा हातातल्या पान्ह्याकडे बघत म्हणाले, "पारूबाई, आता रोज पाणी न्हाई मिळायचं. काढलं तर इंजिन जातंय. शेळ्यांचं तुम्ही दुसरीकडं बघा."

 पारूबाईनं घागर खाली ठेवली आणि रोजच्यासारखी दगडावर बसली.

"शेळ्यांनी त्या पाण्याला एक दिवस तोंड लावलं न्हाई, अप्पा," ती म्हणाली. "तेलाचा वास येतो त्याला. मी रोज ते वळणापलीकडच्या बाभळीला वतून रिकामी घागर घेऊन घरी जाते."