आधी कोणता पाय?

गल्लीतले म्हातारे कोटय्या तातय्या व्हरांड्यात चटईवर पालथे पडले होते आणि आत सुवर्चला एका अमेरिकन सुताराच्या पायात अडकली होती.

सुताराच्या पायावर पटाशी पडून अंगठा वर उचलणारी कंडरा कापली गेली होती. तिकडच्या डॉक्टरने जखमेची लांबी लिहिली, टाके लिहिले, सुतार दारू पीत नाही हेही लिहिलं. पाय कोणता, ते मात्र लिहिलं नाही. अशा दुखण्यांना आकडे देणं हे सुवर्चलाचं काम. त्या आकड्यांशिवाय तिकडे विम्याचं पान हलत नाही. कापलेल्या कंडरेचा आकडा ठरलेला असतो, शेवटाकडे फक्त पाय सांगायचा. उजव्याला एक, डाव्याला दोन, डॉक्टरने सांगितलंच नसेल तर नऊ. नऊ टाकणं तिच्या जिवावर येई. मौलालीतल्या आपल्या घराच्या मागच्या खोलीत बसून तिने सातासमुद्रापलीकडच्या किती डॉक्टरांना हा एकच प्रश्न विचारला असेल, त्याला गणती नाही. अंदाजाने काही लिहायचं नाही, हा त्या धंद्याचा पहिला नियम.

"तल्ली, येतेस ना पोरी?" तातय्या बाहेरून कण्हले. "सकाळपासून उसण भरलीय. शिंकायचीही चोरी झालीय."

सुवर्चला पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. गल्लीत कुणाची कंबर धरली की तो माणूस या व्हरांड्यात येऊन पालथा पडे. ती त्याच्या पाठीला पाय लावी आणि तो अंग झाडून उठून जाई. बरा होऊन उठे की भिडेखातर, ते देवाला ठाऊक. लहानपणी तिला त्यात मोठी मौज वाटायची. मोठमोठ्या माणसांना लाथ मारायची आणि वर केळी त्यांनीच आणून द्यायची. आता मात्र तिला लाज वाटत होती. मागच्या आठवड्यात ऑफिसची मीटिंग चालू असताना एक म्हातारा थेट आतच येऊन पालथा पडला. ती कॅमेरा बंद करायला विसरली आणि लाथ घालताना सगळ्या टीमला दिसली. त्या दिवसापासून तिचं नाव 'लाथ मॅडम' पडलं. टीम लीडर फणींद्र तर गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सुवर्चला गारू, या उपचाराला कोणता आकडा लावायचा?" लवकरच ती इतरांचं काम तपासणारी होणार होती. ज्यांच्या चुका काढायच्या त्यांनीच तोंडावर हसायचं, हे तिला सहन होईना.

तिने हेडफोन काढून ठेवला.

"अम्मा, आज मी तातय्यांना सांगून टाकणार. त्यांना आणि सगळ्या गल्लीला. पायाळू-बियाळू काही नसतं. उद्यापासून कुणी यायचं नाही."

तिची आई रत्नम्मा गोंगुऱ्याच्या भाजीची पानं खुडत होती. तिचे हात थांबले. "नको गं. लोकांचा विश्वास आहे. तुझं काय जातं?"

"माझी अब्रू जाते."

"उगाच काही बोलू नकोस. खरं आहे ते. माझ्या डोळ्यांदेखत झालीस तू." रत्नम्मा मनातून घाबरली होती. लेक एकदा बोलली की बोलली, हे तिला माहीत होतं.

सुवर्चला उठली. तिचा डाव्या पायाचा अंगठा खाली लोंबतो. तीन वर्षांची असताना गावी पत्र्याने कापला, तेव्हापासून ती तो पाय जरा ओढत चालते. दारापाशी ती थांबली. सकाळपासून जो प्रश्न जिभेवर होता, तोच सवयीने आईला विचारला गेला.

"आधी कोणता पाय आला? डावा की उजवा?"

इतक्या वर्षांत हे रत्नम्माला कुणी विचारलं नव्हतं. पाय आधी आले, एवढं लोकांना पुरत होतं. ती गडबडली.

"उजवा," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही, डावा. दोन्ही असतील. मला कुठे शुद्ध होती?"

"आत्ता तर म्हणालीस, डोळ्यांदेखत."

रत्नम्माने पानांची टोपली बाजूला सारली.

"पाय आलेच नाहीत. चारचौघींसारखी डोक्याकडूनच झालीस."

सुवर्चलाला संताप आला. "मग एवढी वर्षं मला अख्ख्या गल्लीला लाथा का मारायला लावल्यास?"

बाहेर तातय्या कुशीवर वळायचा प्रयत्न करत होते आणि स्वतःलाच शिव्या देत होते. रत्नम्माने आवाज खाली आणला.

"आपण इथे राहायला आलो ना, त्याच संध्याकाळी गल्लीतली पोरं तुझ्यामागे पाय ओढत चालत होती. तू हसत होतीस. तुला वाटलं, खेळतायत. मी एकटी कुणाकुणाशी भांडणार होते? नळावर गेले आणि सांगितलं, पोर पायाळू आहे. दुसऱ्या दिवशी त्याच पोरांच्या आया तुझ्या त्या पायाला हळद लावायला आल्या."

सुवर्चलाने डाव्या पायातली स्लीपर काढली आणि ती व्हरांड्यात गेली.